आबांच्या आवाजातला ‘मामा’

खंडू, बे, मला भ्या वाटतंय.

हसू नकोस. तू गेल्यापासून तुझ्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य, आणि ते असं निघालं. मी खरं तर चांगली तयारी केली होती. जिल्ह्यातली लग्नं, सत्कार, गणपतीचे मांडव, कुठं कुठं मी माईक धरलाय ते तुला माहीत आहे. मयताच्या घरीसुद्धा चार माणसं जमली की माझ्याकडं बघतात, आता हा काहीतरी बोलेल म्हणून. तुझ्या दहाव्यालाही बघितलं. मी उठलो, टोपी सारखी केली, हात जोडले आणि खाली बसलो. तुझा तो दिंद्रुडचा जाडा मेव्हणा शेजारच्याला म्हणाला, ह्यांची लाईट गेली वाटतं.

आत्ता मी आमच्या ओढ्याकडच्या रानात, फाटकाच्या आत, लिंबाखाली बसलोय. समोर तुझी मेंढरं आहेत. पलीकडं तुझी घरधनीण, आमच्या सखूवहिनी, चूल मांडतायत. माझा एक कान रस्त्याकडं आहे, कारण अण्णा येणार आहे. माझा थोरला भाऊ आता केवढा पुढारी झालाय ते तुला सांगायला नको. त्याची गाडी वळणावर आली की कुत्रीसुद्धा उठून उभी राहतात. काल संध्याकाळी मी त्याच्याशी फोनवर जे बोललो त्याचा जाब विचारायला तो येतोय. आमची वाटणी झालेली नाही. रानात कुणाला बसवायचं आणि कुणाला उठवायचं हे तोच ठरवतो. त्यानं आज ‘उठा’ म्हटलं, तर वहिनींनी ही मेंढरं घेऊन उन्हाळाभर कुठं जायचं, मला सुचत नाही.

तो येईपर्यंत तुझ्याशी बोलतो. बोललो नाही तर पळून जाईन.

आमच्या वडलांचा, आबांचा आवाज तुला कधी सापडला, आठवतं? दहावीत होतो आपण. शाळेमागच्या चिंचेखाली नाटकाची तालीम चालली होती. राजा अर्थातच मी. राजा व्हायला लागणारी एकच गोष्ट माझ्याकडं होती, ती म्हणजे आईचा शालू. तू पडद्यामागचा. वाघाची डरकाळी तुझी, घोड्याच्या टापा तुझ्या, आणि मधूनच कुणी न मागितलेली हेडमास्तरांची शिंकही तुझीच. मी डोळे मिटून, छाती काढून, शत्रूला दम देत होतो. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"ख्हं. दिल्या, कुनाला इचारून हितं नाचायला लागलास?"

माझ्या हातातली लाकडी तलवार गळून पडली. शालू डोक्यावरून ओढून काढला, हात मागं घेतले, मान खाली घातली. आजूबाजूची पोरं लोळून हसत होती, ते मला ऐकू येत होतं, तरी वळून बघायची छाती होईना. शेवटी वळलो. मागं तूच होतास. गालात चिंच, आणि चेहऱ्यावर असं काही, की तो मी नव्हेच.

तुझा राग यायला हवा होता. पण मी घाबरलेलाच राहिलो. तू समोर दिसत असूनही, पुन्हा तसा बोललास तर माझी मान पुन्हा खाली जाईल हे मला कळलं होतं. तुलाही कळलं होतं. मग मी तुला विचारलं, की तू आमच्या घरी ओट्याच्या पुढं कधी आला नाहीस, मी त्याच घरात जन्मलो, तरी मला त्यांची नुसती खाकर जमत नाही. तुला कशी काय जमली? चिंचोका थुंकून तू म्हणालास, "आमाला तुमचा बाप आवाजावरनंच ठावा हाय. तोंड वर करून कोन बघतंय?"

मी तेव्हा हसलो होतो. वाक्य चांगलं होतं म्हणून.

तुझी जीभ तर तेव्हा दोन गावांची होती. शाळेपासून चावडीपर्यंत मी ‘दिल्या बे’, आणि चावडी ओलांडून आमच्या घराकडं वळलो की ‘दिलीपराव’. माझे वडील गावचे सरपंच, गावाच्या दोन्ही अंगांना त्यांचा ऊस. तुझे वडील लेंडीखतासाठी त्याच रानात मेंढरं बसवणारे. त्यामुळं चावडी म्हणजे तुझ्या जिभेचा नाकाच होता. एकदा मी मुद्दाम बरोबर चावडीसमोर थांबलो आणि विचारलं, आता मी कोण? तू इकडंतिकडं बघितलंस आणि म्हणालास, "हितं उबा ऱ्हाऊ नकोस बे, दिलीपराव."

हे मी कार्यक्रमात सांगतो. लई हशा येतो.

त्याच्या पुढचं सांगताना मात्र माझा हात अजून माईकवर घट्ट होतो. त्या हिवाळ्यात तुझे तात्या तापानं अंथरुणाला खिळले. तुझी माय त्यांच्या उशाशी. तू शाळेत, म्हणजे माझ्या नाटकात. म्हणून मेंढरांमागं तुझी धाकटी बहीण रखमी. तिचा डोळा लागला की काय झालं कोण जाणे, पण कळप आबांच्या कोवळ्या उसात शिरला. आबांनी सगळी मेंढरं कोंडवाड्यात घालायला लावली. गावाची ती दगडी भिंतींची जागा, मोकाट जनावरं कोंडायची. राखणदार गणपत. त्याला हुकूम एकच, मी सांगेपर्यंत दार उघडायचं नाही. आणि कोकरं तिकडं तुमच्या तळावर, जाळीत. आया इकडं, पिल्लं तिकडं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

तळावरून कोकरांचा आवाज येत होता. ते ओरडणं नव्हतं. ओरडून झाल्यावर जो राहतो, तो आवाज होता.

तू माझ्याकडं आलास आणि पहिल्यांदाच ओट्याच्या पायरीवर उभा राहून मला ‘दिल्या’ म्हणालास. आबा तालुक्याला गेलते, यायला उशीर होता. त्यांच्याशी बोलायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती, पण त्यांची बॅटरी घरात होती. ती लांबडी, चकचकीत बॅटरी. गावात कुणालाही हाक मारायची तर आबा आधी उजेड त्याच्या डोळ्यात मारायचे, मग खाकरायचे, मग बोलायचे. उजेड डोळ्यात गेला की समोरच्याला फक्त आवाज उरतो. ही पद्धत आम्हा दोघांना पाठ होती. मला घरात राहून, तुला रानात राहून.

लाईट गेलेलीच होती. आपण कोंडवाड्यासमोरच्या बोळाच्या तोंडाशी उभे राहिलो. उजेड मी धरायचा, आवाज तू द्यायचा. मी भ्यालो होतो आणि त्या भ्यातही मला मजा वाटत होती, हे खरं. तुझ्या तोंडाकडं मी बघितलं. तुला मजा वाटत नव्हती.

मी बटण दाबलं. उजेड गणपतच्या डोळ्यात गेला. तो हात आडवा धरून उभा राहिला. उजेड थरथरत होता. आबांचा हात कधी थरथरला नव्हता, आणि मी दोन्ही हातांनी बॅटरी दाबून धरली तरी भिंतीवर तो गोल नाचतच होता. तू खाकरलास. अगदी आबा. आणि मग, बे खंड्या, त्या दगडासारख्या आवाजात तू काय म्हणालास?

"गणपतमामा, सोडा ती मेंढरं. लेकरं उपाशी हायती."

मला वाटलं, मेलो. गणपतला आबा जन्मात कधी मामा म्हणाले नव्हते. ‘ए गण्या’, नाहीतर नुसतं ‘ए’. ‘सोडा’ तर नाहीच नाही. आणि कोकरांना लेकरं म्हणतो तो फक्त मेंढपाळ. आवाज तू रेघभर चुकला नाहीस, आणि शब्द सगळेच्या सगळे स्वतःच्या घरचे घातलेस. मोठ्या माणसाला मामा म्हणायचं, हे तुझ्या इतकं अंगात होतं की आबा होऊनही तुला ते सुटलं नाही.

गणपतनं आडवा हात खाली घेतला. मी बॅटरी टाकून पळायच्या बेतात. मग तो जड आवाजात "जी मालक" म्हणाला आणि त्यानं दार उघडलं. मेंढरं अशी सुटली की बोळात आपण भिंतीला चिकटलो. तू त्यांच्यामागं पळालास. मी घरी पळालो. बॅटरी खुंटीला लावली आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

मोठी भीती दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ घेऊन आली. गणपत नवं धोतर नेसून आमच्या ओट्यावर. ओटा माणसांनी भरलेला, कारण पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. मी दाराआड. गणपतनं आबांच्या पायाशी नारळ ठेवला आणि टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "मालक, काल तुमी मला मामा म्हनलात. लई वर्सं झाली हो, मला कुनी मामा म्हनून."

आबांचा चेहरा मला दिसत होता. कुणीतरी त्यांचा आवाज चोरलाय, हे त्यांना गणपत बोलता बोलताच कळलं. पण तोवर ओट्यावरची माणसं सुरू झाली होती. एकजण म्हणाला, याला म्हणतात मोठेपणा. दुसरा म्हणाला, मुक्या जनावरांची सुद्धा कणव आहे आबांना. आता आबा सांगणार काय, की मी नाही बोललो? ते खाकरले. म्हणाले, "मग? मानूसच हाय मी." आणि दाराकडं बघितलं. थेट माझ्या डोळ्यात. हातात बॅटरी नव्हती, तरी मला पुढचं काही दिसेना.

माणसं गेल्यावर मी आपणहून पुढं गेलो. हे तुला तेव्हाच सांगितलं होतं, आणि त्यावरूनच आपलं भांडण झालं. मी म्हणालो, आबा, ते मी केलं. त्यांनी विचारलं, आवाज कुणाचा होता? मी म्हणालो, माझा.

"काढ."

मी खाकरलो. तोंड उघडलं. मांजराचं पिल्लू पोत्यात घातल्यावर करतं तसा आवाज निघाला. पुन्हा प्रयत्न केला, तेवढाही निघाला नाही. आबा हसले. मारलं असतं तर बरं, इतके हसले. मला हातही लावला नाही. तुमच्या तळावर मात्र आठ दिवसांत निरोप आला, दुसरीकडं बघा. तात्यांच्या अंगातला ताप उतरला नव्हता. त्यांनाच घोडीवर बसवलं आणि बिऱ्हाड तुमच्या डोक्यांवर आलं. तू दहावीच्या परीक्षेला बसला नाहीस, कधीच.

मी रस्त्यापर्यंत पळत आलो होतो. तुला वाटावं की मीही काही केलं, म्हणून आबांपुढं कसा उभा राहिलो ते सांगायला लागलो. वाटलं होतं, तू पाठ थोपटशील. तू चालता चालता म्हणालास, "तुला कुनी सांगितलं बे बोलायला? तुला यक थोबाडीत बसली असती. आमचं रान गेलं."

मी म्हणालो, मी काय कमी भ्यालो होतो का?

तू थांबलास. मेंढरं पुढं गेली. "तुझं भ्या तुझ्या घरात निजतंय, दिल्या. आमचं आमच्यासंगं हिंडतंय."

ह्या वाक्याशी मी तीस-पस्तीस वर्षं भांडतोय. तू गोदावरीकाठानं उमापूरकडं गेलास, मोठा झालास, लग्न केलंस, आबा गेल्यावर माझ्या सांगण्यावरून पुन्हा आमच्याच रानात मेंढरं बसवायला लागलास, आणि दर वर्षी ह्या लिंबाखाली आपण त्याच वाक्यावर येऊन अडलो. मी म्हणायचो, भीती ती भीती, त्यात तुझी-माझी काय? गुडघे माझेही कापत होते. तू तंबाखू मळत म्हणायचास, कापत व्हते की, उजेड नाचत व्हता. आणि विषय मेंढरांच्या खुरांवर न्यायचास.

तेलगावला माझा कार्यक्रम होता तेव्हा तू मागं बसला होतास. मी हीच गोष्ट रंगवली. नारळाला तर लोकांनी शिट्ट्या मारल्या. तू हसला नाहीस. नंतर चहा पिताना म्हणालास की सांगतोस झकास, पण कोकरांचं सांगत न्हाईस. आया पोचायच्या आधी त्यातलं एक गेलं होतं. रखमी पाण्यात भिजवलेलं फडकं त्याच्या तोंडात पिळत बसली होती. मी म्हणालो, अरे, लोक हसायला आलेले असतात, मधे कोकरू मेलं तर नारळाला कोण हसेल? तू बशी खाली ठेवलीस. "मंग कावून सांगतोस?" एवढंच विचारलंस. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. आज पहिल्यांदा मात्र कोकरू घालून सांगितलं, ते तू ऐकलंस.

पण एक गोष्ट मी तुला पुन्हा पुन्हा सांगायचो आणि तू पुन्हा पुन्हा ऐकायचास. त्या नारळानंतर आबांना गणपतला मामा म्हणावंच लागलं. चारचौघांत दुसरं काही म्हणायची सोय राहिली नाही. पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडातून माशाच्या काट्यासारखा निघाला. मग सवय झाली. मग चारचौघं नसतानाही निघायला लागला. शेवटच्या दुखण्यात तर आम्हा पोरांची नावं विसरले, पण "गणपतमामाला बोलवा" म्हणाले. हे ऐकलं की तू दर वेळी विचारायचास, "खुर्चीवर बसला का मामा?" मी म्हणायचो, बसला की. पलंगाशेजारी, खुर्चीवर. तू मान हलवायचास. गणपतला खरं कधी कळू द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर आपलं कधीच भांडण झालं नाही. त्यानं तो ‘मामा’ आबांचाच समजून नेला.

आता कालचं.

तू लिंबाचा डहाळा तोडता तोडता बसलास तो उठलाच नाहीस, त्याला फार दिवस झाले नाहीत. वहिनींनी दहावा केला आणि कळप घेऊन ठरल्याप्रमाणं इकडं आल्या. फाटकाला कुलूप. अण्णाचा माणूस म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, खंडू होता तोवर ठीक होतं, बाईमाणसाची जबाबदारी कोण घेणार. भर उन्हात मेंढरं रस्त्यावर, कोकरं जाळीत घालून टेम्पोत. मी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आणि टेम्पोतून तोच आवाज येत होता. ओरडून झाल्यावरचा.

मी अण्णाला फोन लावला. त्याचा आवाज आता थेट आबांचा झालाय, हे मला फोनवर नेहमी जाणवतं आणि मी नेहमी फोन थोडा लांब धरतो. तो म्हणाला, "दिल्या, तू गोष्टी सांग. रानाचं मी बघतो." मी बोलायला तोंड उघडलं आणि बे, पुन्हा तेच मांजराचं पिल्लू. पन्नाशी उलटलेला, शाल-श्रीफळं घेतलेला माणूस मी. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांनी नजर काढून घेतली, मला बरं वाटावं म्हणून.

मी खाकरलो. खाकर कानावर आली आणि माझं मलाच दचकायला झालं. ती माझी नव्हती.

"अण्णासाहेब, फाटक उघडाय सांगा. लेकरं उपाशी हायती."

खंड्या, तो आबांचा आवाज होता. रेघभर चुकला नाही. पण आबा अण्णाला साहेब कधी म्हणाले? ‘सांगा’ कधी म्हणाले? आवाज त्यांचा होता, बोलणं तुझं होतं, आणि तोंड माझं. दोन मेलेली माणसं एकदम माझ्या तोंडातून बोलली.

पलीकडून त्या एवढ्या मोठ्या पुढाऱ्याचा, शाळकरी पोरासारखा, बारीक आवाज आला.

"जी."

आणि फोन बंद. थोड्या वेळानं त्याचा माणूस किल्ली घेऊन आला. मेंढरं आत शिरली. वहिनी फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांनी आबांना उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे असंच बोलायचे मेंढरांसंगं."

मी रात्री घरी गेलो नाही. घरी जाऊन तरी काय करणार; झोप येणार नव्हती. इथंच मेंढरांत पडून राहिलो. ती जरा हलली की मी उठून बसायचो. तुझ्या त्या वाक्याशी आता मी भांडत नाही बे. काल पहिल्यांदा माझं भ्या रानात निजलं, आणि ते घरातल्यासारखं नसतं. त्याला भिंत नसते.

वळणावर धूळ दिसतेय. वहिनी चुलीपासून उठल्या, पदर सारखा केला. मला विचारतायत, साहेबांनी उठा म्हनलं तर काय म्हनायचं? मी त्यांना म्हणालो, तुम्ही बसा, वहिनी. मी बोलतो.

गाडी फाटकाशी थांबली. अण्णा उतरला नाही. काच खाली घेतली, आणि आतून नुसता आवाज आला, "दिल्या."

माझे गुडघे कापतायत, तू बघतच असशील. असू दे. उजेड तेव्हाही नाचत होता.

उठतो बे. आधी खाकरून घेतो.